मडावी बाईंची मधली पायरी

मडावी बाईंचं कोणी कौतुक केलं की आमची शिक्षकखोली गप्प व्हायची. कोणी वाईट बोललं तर त्या हसून सोडून देत. कोणी भांडायला आलं तर त्याला आधी प्यायला पाणी देत. पण चांगलं बोललं की संपलंच. हातातलं काम खाली ठेवत, खुर्ची जराशी वळवत, पेन्सिल अंबाड्यात खोचत आणि विचारत, "म्हणजे काय?" विचारून उत्तराची वाट बघत बसत. हे वाट बघणं फार जड जायचं, अर्थात समोरच्याला. त्यांना स्वतःला त्यात काही विशेष वाटायचं नाही.

ही गोष्ट हिंगणघाटची. नागपूर तेव्हा राजधानीचं शहर होतं, आणि आमच्या मुलींच्या शाळेच्या मागच्या अंगाला कापसाचं जिन होतं. हंगामात वर्गात कापसाची पिसं तरंगायची आणि शेवटच्या बाकावरच्या मुली एकमेकींच्या वेण्यांवरून ती वेचत बसायच्या. मी मराठी शिकवायचे, मडावी बाई गणित आणि भूगोल. माझ्याहून चार-दोन वर्षांनी मोठ्या. अंगानं उंच, पाठीत ताठ, रंगानं चांगल्या काळ्या, आणि हसल्या की तीन वर्ग पलीकडे ऐकू जाईल असं हसायच्या. समाजानं गोंड. गाव गिरडच्या पल्याड, जंगलाला लागून. पण लहानपणीच वर्ध्याच्या वसतिगृहात आल्या आणि तिथंच शिकून शिक्षिका झाल्या.

आल्या त्याच दिवशी मुख्याध्यापिकाबाईंनी, आम्ही त्यांना मोठ्या बाई म्हणायचो, त्यांची ओळख करून दिली. मोठ्या बाई मनानं फार चांगल्या. त्या म्हणाल्या, "ह्या मडावी बाई. यांचं मराठी ऐका, किती शुद्ध! वाटणारसुद्धा नाही."

"काय वाटणार नाही?" मडावी बाईंनी विचारलं.

मोठ्या बाई हसल्या. "अहो, म्हणजे छान आहे."

"छान आहे ते कळलं. वाटणार नाही ते काय?"

आवाजात राग नव्हता. टोमणाही नव्हता, शपथेवर सांगते. टोमणा ओळखण्यात माझा हात कोणी धरणार नाही, कारण मी पाच नणंदांच्या घरात नांदले आहे. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. एखाद्या मुलीनं गणितात मधलं काही न करता एकदम उत्तर लिहिलं की त्यांचा चेहरा जसा व्हायचा, तसाच तो झाला होता. मुलीला त्या म्हणायच्या, "उत्तर आलं, पण मधली पायरी कुठं गेली?" आम्हा मोठ्या माणसांच्या बोलण्यातलीही मधली पायरी त्यांना हवी असायची.

मोठ्या बाईंनी घाईघाईनं चहा मागवला. पुढं हाच रिवाज पडला. कौतुक करून कोणी अडकलं की चहा. आमच्या शाळेत चहा फार खपू लागला तो मडावी बाई आल्यापासून.

लोक त्यांना काय काय विचारायचे! हेडक्लार्क कंबरदुखीवर जंगलातली मुळी विचारायचे. ड्रॉइंगच्या बाई वाघाबद्दल विचारायच्या. मडावी बाई म्हणायच्या, "मी वसतिगृहात वाढले हो. वाघ मी सर्कशीत पाहिला, वर्ध्याला, तुमच्यासारखाच तिकीट काढून." यावर ड्रॉइंगच्या बाई म्हणाल्या, "तरी पण तुमच्या रक्तात असेलच ना?" लगेच पेन्सिल अंबाड्यात गेली. "रक्तात काय असेल? वाघ?" त्या दिवशी मी चहा न घेताच उठून गेले, कारण हसू आवरत नव्हतं.

त्या राहायच्या वणा नदीच्या बाजूला, एका गल्लीत. घरमालकीण काकू. काकूंचे यजमान जिनात दिवाणजी, एकुलती एक लेक विमल आर्वीला दिलेली. खोली देताना मोठ्या बाईंच्या शब्दावर दिली आणि समाज कुठला ते मागून कळलं. आता गल्लीला काय सांगायचं? काकूंनी उपाय काढला. पाणी भरायला आलेल्या प्रत्येक बाईला त्या सांगू लागल्या, "आमच्या बाई गोंडातल्या वाटतच नाईत वो! किती नेटक्या, किती टापटिपीच्या! कोनी म्हननार नाई." गल्लीलाही ते पटलं. त्या एका वाक्यावर बाईंची खोली, बाईंचा विहिरीवरचा पोहरा आणि संक्रांतीचा तिळगूळ, सगळं चालत होतं. काकूंची माया मात्र खरी होती. बाईंना ताप आला की रात्रभर उशाशी बसायच्या, अन् वर रागावायच्याही, "स्वतःकडे पाह्यतच नाई ही पोरगी."

बाईंनी काकूंनाही एकदा विचारलं होतं, "काकू, वाटत नाही म्हणता, तर मग मी कोणातली वाटते?"

काकू म्हणाल्या, "आमच्यातली. अजून कोनातली वाटान?"

"अन् गोंड कशा वाटतात?"

"आता मले काय माईत? मी काय पाह्यल्या हायेत काय कधी?"

बाई हे सांगताना इतक्या खूश होत्या! "बघा शांताबाई," मला म्हणाल्या, "काकूंनी गोंड कधी पाहिलेलीच नाही. पहिली पाहिली ती मी. आणि मी त्यांना गोंड वाटत नाही. आता हे गणित कसं सोडवायचं?"

पण या सगळ्या गमतीच्या आड त्यांचा एक घोर होता, आणि तो आम्हा सगळ्यांना ठाऊक होता. गावी त्यांची आई एकटीच होती. वडील गेलेले, भाऊबहीण कोणी नाही. आईच्या डोळ्यांना दिसणं कमी होत चाललं होतं. विहिरीवर एकदा पाय घसरून पडली होती. तिला इकडं आणायचं, आपल्याजवळ ठेवायचं, एवढ्यासाठी बाईंनी ही हिंगणघाटची नोकरी धरली होती. आईच तयार नव्हती. "तिथं माझ्याशी बोलेल कोण?" असा तिचा दर वेळचा निरोप. सुट्टीहून परतल्या की आम्ही विचारायचो, "आणलं का?" आणि बाई नुसती मान हलवायच्या.

बाई स्वतः काही धुतल्या तांदळाच्या नव्हत्या, हेही सांगायला हवं. आमच्या शाळेत सखूबाई होती. घंटा द्यायची, पाणी भरायची. ती नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आली आणि दुसऱ्या दिवशी पांढरंशुभ्र लुगडं नेसून शाळेत उभी राहिली. मडावी बाईंना मनापासून आनंद झाला. म्हणाल्या, "सखूबाई, आता किती स्वच्छ दिसता हो तुम्ही!"

सखूबाईनं घंटेचा हातोडा खाली ठेवला. "आंधी काय घान दिसत होती काय, बाई? माही माय रोज मले वणेवर घासू घासू धुवे."

बाई एकदम वरमल्याच. मग मोठ्यानं हसल्या, मग हसू थांबलं. सखूबाईचा हात धरून म्हणाल्या, "चुकलं माझं." दिवसभर त्यांना तेच लागून राहिलं होतं. सुटी झाल्यावर फाटकापाशी मला म्हणाल्या, "माझ्याही तोंडातून आलं, बघा. मला ते कोणी शिकवलं नव्हतं. मग आलं कुठून?" मी म्हटलं, "जिथून आमच्या तोंडात येतं तिथूनच." हे त्यांना पटलं असावं, कारण हातातली पेन्सिल त्यांनी अंबाड्यात न खोचता पिशवीत टाकली.

त्या हिवाळ्यात स्नेहसंमेलन झालं. संगीताच्या बाईंनी मडावी बाईंच्या सन्मानार्थ म्हणून मुलींचं आदिवासी नृत्य बसवलं, आणि त्यांच्यापासून ते मुद्दाम लपवून ठेवलं. पडदा उघडला तर आठ-दहा मुली कंबरेला पळसाची पानं बांधून, डोक्याला कोंबड्याची पिसं लावून, तोंडाला-हाताला काजळ फासून "हुर्र हुर्र" करत उड्या मारताहेत! टाळ्यांचा नुसता कडकडाट. पहिल्या रांगेत बसलेल्या बाईंच्या तोंडाकडे सगळे वळून बघत होते. त्या डोळे बारीक करून लक्षपूर्वक बघत होत्या, आपल्याला न कळणारी एखादी नवी गोष्ट बघावी तशा.

"कसं वाटलं?" संगीताच्या बाईंनी विचारलं.

"हे कुठल्या गावचं आहे?" बाईंनी विचारलं. संगीताच्या बाईंना गाव माहीत नव्हतं.

मग त्या आत गेल्या. मीही मागोमाग गेले. मुली रंग काढायला धडपडत होत्या आणि काजळ जास्तच पसरत होतं. बाईंनी खोबरेल तेलाची बाटली घेतली, पदर खोचला आणि एकेकीचं तोंड पुसायला बसल्या. पुसता पुसता एकीला विचारलं, "काळं कशाला लावलं गं?"

"गोंड काळे असतात ना, बाई."

"मी पण गोंडच ना गं?"

मुलगी चटकन म्हणाली, "तुम्ही नाही, बाई. तुम्ही आमच्या बाई आहात."

बाईंनी आपला हात तिच्या गालाजवळ धरला. अर्धा गाल पुसलेला, अर्ध्यावर काजळ. बाईंच्या हाताचा रंग त्या काजळाच्या बाजूचा होता, उघड उघड. मुलीनं हाताकडे पाहिलं, मग आरशात पाहिलं. तीन वर्षं ती बाईंकडे शिकत होती आणि बाई काळ्या आहेत हे तिला त्या क्षणी दिसलं. ती रडायलाच लागली. बाईंनी तिला जवळ घेतलं. "रडतेस कशाला? काळी असणं काही रडण्यासारखं असतं का? बघ, मी तर रडत नाही." खरंच रडत नव्हत्या. पण नंतर मला म्हणाल्या, "यांचं माझ्यावर प्रेम आहे, यात शंका नाही. प्रेम करता यावं म्हणून यांना माझा रंग विसरावा लागतो. लक्षात ठेवून केलं तर कमी पडेल का हो?" चहा मागवावा म्हटलं, तर तिथं चहाही नव्हता.

उन्हाळ्यात, शाळेला सुटी लागायच्या सुमारास, बाईंची आई शेवटी आली. महिनाभर राहून बघते, जमलं तर कायमची राहते, असं म्हणून आली. बाईंचे पाय जमिनीवर नव्हते. खोली सारवून घेतली, बाजेला नवी सुतळी आवळली. काकूंनीही हौसेनं पुरण घातलं आणि मला जेवायला बोलावलं. मनात आलं, आता बाईंचा घोर मिटला.

म्हातारी मोटारीतून उतरून, लेकीच्या खांद्याला धरून घरी आली. लेकीसारखीच उंच. गुडघ्यापर्यंत नेसलेलं लुगडं, पाय अनवाणी, कपाळभर आणि दोन्ही हातांवर कोपरापर्यंत गोंदण. कडेला एक गाठोडं, त्यात वाळलेली मोहफुलं आणि पानांच्या द्रोणात चारं, म्हणजे चारोळीची फळं. मोहफुलं बघून काकूंनी माझ्याकडे डोळे मोठे करून पाहिलं. मी खुणेनंच सांगितलं की दारू नाही, फुलं आहेत. काकूंनी स्वतःला सावरलं, पाट मांडला, म्हातारीला हाताला धरून बसवलं आणि स्वतःच्या हातानं पोळी वाढली. हे काकूंच्या पिढीतल्या बाईनं करणं म्हणजे काय, ते मला कळत होतं. आणि ते करून त्यांना इतकं भरून आलं की त्या आपल्याजवळचं सगळ्यात चांगलं वाक्य बोलल्या.

"तुमी मोठं नशीब काढलं, बाई! ह्या पोरीत तुमचं काईच नाई आलं, पाहा. तुमच्यातली वाटतच नाई."

म्हातारीला मराठी थोडं कळायचं. तिनं जेवण थांबवून लेकीला त्यांच्या भाषेत काहीतरी विचारलं. बाई उत्तर देण्याआधी थांबल्या. तीन वर्षांत बाईंना उत्तर सुचलं नाही असं मी पहिल्यांदा पाहिलं. मग त्या दोन-चार शब्द बोलल्या. म्हातारीचं समाधान झालं नाही. तिनं काकूंकडे तोंड वळवलं.

"मले डोयानं बराबर दिसत नाई, माय. पोरीचं तोंड दिसत नाई आता. तुमाले दिसते. तुमी सांगा, माह्यावानी दिसते का नाई?"

काकूंना वाटलं, म्हातारी संकोचून विचारते आहे, तिला धीर द्यावा. "छ्या वो! कुठं तुमी अन् कुठं त्या! त्या तं आमच्या घरच्याच वाटतेत."

"तुमच्या घरच्या," म्हातारी म्हणाली. मान डोलावली. मग पोळी संपवली, गोड झाली म्हणून सांगितलं, आणि ताटाला हात लावून नमस्कार केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं गाठोडं बांधलं. बाईंनी विनवण्या केल्या, रागावूनही पाहिलं. ती ऐकेना. रजा टाकून बाई तिला सोडून आल्या, आणि आल्या त्या थेट माझ्याकडे आल्या. ओट्यावर बसल्या. मी पाणी दिलं ते तसंच हातात धरून म्हणाल्या, "आईनं मला विचारलं होतं, काय म्हणते ही बाई? मी सांगितलं, तुझी लेक गुणाची आहे म्हणते. जन्मभर लोकांकडे मधली पायरी मागितली, आणि आईच्या वेळी ती मीच गिळली."

"तुम्ही तिच्यासाठीच केलं," मी म्हटलं.

"तिला सगळं कळलं होतं, शांताबाई. वाटेत मला म्हणाली, तू इथं यांची दिसतेस म्हणून हे तुला ठेवून घेतात. मी तुझ्याजवळ बसले तर तू माझी दिसशील. मग यांचं मन फिरेल. तू राहा, मी जाते." आणि मग बाई रडल्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच, आणि मोठ्यानं, जशा हसायच्या तशाच.

काकूंना काहीच उमगेना. "मी काय वाईट बोलली वो? चांगलंच तं बोलली! म्हातारी रुसली काऊन?" बाईंनी संध्याकाळी त्यांच्याजवळ बसून शांतपणे विचारलं, "काकू, विमलच्या सासूनं तुमच्या तोंडावर म्हटलं, की पोरगी फार चांगली, तुमचं काहीच नाही आलं तिच्यात, तर?"

"जीभ हासडीन तिची!" काकू उसळून म्हणाल्या. मग त्यांचं तोंड तसंच उघडं राहिलं. "अवो माय!" असं म्हणून त्या कपाळाला हात लावून भिंतीला टेकल्या. दुसऱ्याच दिवशी काकू स्वतः म्हातारीला बोलावणं करायला निघाल्या, ठेवणीतलं लुगडं काढलं, दिवाणजींना बंडी जोडायला सांगितली. बाईंनीच त्यांना थांबवलं. म्हणाल्या, "ती आता येणार नाही, काकू. मीच जाते."

बदलीचा अर्ज त्यांनी त्याच आठवड्यात दिला. हायस्कूल सोडून गिरडकडच्या एका प्राथमिक शाळेत, जिथं भूगोल शिकवायला धड नकाशा नव्हता. मोठ्या बाईंनी खूप समजावलं. निरोप समारंभ मात्र बाईंनी करू दिला नाही. "भाषणं होतील," मला म्हणाल्या, "आणि मला प्रत्येकाला विचारत बसावं लागेल." निघताना काकूंनी त्यांना नुसती मिठी मारली. काय बोलावं याचं भय काकूंना पहिल्यांदाच वाटलं असावं. मला वाईट वाटलं दोघींचंही, आणि खरं सांगायचं तर काकूंचं जरा जास्तच.

पुढं दीड-दोन वर्षांनी एका लग्नासाठी मी समुद्रपूरकडे गेले होते. परतताना मोटारीत मागच्या बाकावर कशीबशी जागा मिळाली. वाटेतल्या एका फाट्यावर मडावी बाई चढल्या, आईला धरून. मला हाक मारायची होती, पण मध्ये माणसं, टोपल्या, कोंबड्या, आणि मोटारीचा आवाज असा की माझी हाक माझ्या नाकापुढं जाईना. डोळ्यांच्या डॉक्टरकडे निघाल्या असाव्यात. आईच्या एका डोळ्यावर हिरव्या कापडाची पट्टी होती. दोघी पुढच्या बाकावर बसल्या. दोन सारख्याच ताठ पाठी मला मागून दिसत होत्या.

पुढच्या गावाला मोटार थांबली, आवाज जरा पडला, आणि एक माळीण वांग्यांची टोपली घेऊन चढली. जागा नव्हती. टोपली खाली ठेवून तिनं दांडा पकडला, वाकून दोघींकडे पाहिलं आणि सहज म्हणाली, "माय-लेकी व्हय ना? तोंडावरूनच दिसते."

बाईंनी काही विचारलं नाही. म्हातारीनं मात्र मान वर करून विचारलं असावं, कारण बाई तिच्या कानाशी वाकल्या आणि बोलल्या. या वेळी त्यांना थांबावं लागलं नाही. म्हातारीनं ते ऐकलं. मग लुगड्याचा घोळ गोळा करून ती लेकीला अगदी चिकटून बसली, आणि उरलेल्या बाकावर हात थोपटून माळणीला म्हणाली, "बस, माय."